अकालजात अर्भकांची विकासानुकूल परिचर्या

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकाचे प्राण राखण्याबरोबरच त्याचा मेंदू व ज्ञानेंद्रिये यांच्या वाढीस पोषक ठरेल अशा रीतीने केलेली शुश्रूषा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे १.३४ कोटी अर्भके अकाली जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातील होती.

तत्त्व : गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत मेंदूच्या पृष्ठभागावरील वळ्या व तंत्रिका कोशिकांमधील जोडण्या झपाट्याने वाढतात. गर्भाशयात ही वाढ ऊब, अंधार व मंद ध्वनी यांच्या सान्निध्यात होते. अकालजात अर्भकाच्या बाबतीत ती प्रखर दिवे, यंत्रांचे आवाज व वारंवार टोचणाऱ्या सुया यांच्या सहवासात होते. प्रत्येक अर्भकाच्या हालचाली व चर्या यांवरून त्याचा ताण ओळखून शुश्रूषा करावी, हा विचार अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हायडेलिसे आल्स यांनी १९८० नंतरच्या दशकात मांडला. प्रकाश व आवाज कमी करणे, हातपाय दुमडलेल्या स्थितीत अर्भकास आधार देणे, झोपमोड टाळणे, वेदनाशमन व मातापित्यांचा सहभाग ही या परिचर्येची अंगे होत.

कांगारू पद्धती : इन्क्यूबेटरांच्या तुटवड्यावर उपाय म्हणून एद्गार रेय सानाब्रिया यांनी १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे ही पद्धती सुरू केली. तीत अर्भकास मातेच्या छातीशी त्वचेला त्वचा लागेल असे बांधतात व शक्यतो केवळ मातेचे दूध देतात. जन्मानंतर लगेच तिचा अवलंब केल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने घटतात, असे भारतासह पाच देशांतील पाहणीत आढळले (२०२१). मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी स्थापन झाली.

उत्तरकालीन परिणाम : पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयात १९८७–८९ या काळात जन्मलेल्या, २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या अर्भकांचा सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढत्वापर्यंत मागोवा घेतला. या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सर्वसाधारण मर्यादेत, परंतु पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा कमी आढळला. लेखन व गणित यांत अनेकांना अडचणी आल्या. अपुरे दिवस व गर्भातील खुंटलेली वाढ या दोन्ही गोष्टी असलेली मुले सर्वांत मागे राहिली. कुटुंबाची सामाजिक-आर्थिक स्थिती व मातेचे शिक्षण यांचाही प्रभाव दिसून आला. यावरून जन्मकालीन उणीव पुढील संगोपनाने काही अंशी भरून निघू शकते, असे म्हणता येते. बोगोटा येथील कांगारू पद्धतीने वाढविलेल्या मुलांत वीस वर्षांनंतर शाळेतील गैरहजेरी, अतिचंचलता व आक्रमकता तुलनेने कमी आढळली (२०१७).

कोकणातील परिस्थिती : सिंधुदुर्गाचे जिल्हा रुग्णालय ओरोस येथे असून गंभीर रुग्णांना पुष्कळदा गोव्यातील बांबोळी येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे लागते. अशा प्रवासात मातेच्या छातीची ऊब हे सर्वांत सुलभ साधन होय. मालवण किनाऱ्यावरील दमट पावसाळ्यात अर्भकाची दुपटी व टोपडी कोरडी ठेवण्यास विशेष महत्त्व आहे. खोबरेल तेलाने हलक्या हाताने केलेले मर्दन, अर्भकाची प्रकृती स्थिर झाल्यावर वैद्यकीय सल्ल्याने, करण्यास हरकत नसते; मात्र धुरी देणे व लवकर न्हाऊ घालणे टाळावे लागते. बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे आजी, मावशी इत्यादींची मदत मिळते व कांगारू पद्धतीने अर्भकास आळीपाळीने धरता येते. परंतु माता सासरी परतल्यावर रुग्णालय बदलते व पुढील तपासण्या खंडित होण्याचा संभव असतो.

पाठपुरावा : नेत्रपटलाच्या विकाराची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत, अत्यंत लहान अर्भकात त्याहूनही आधी, करावी लागते, ती चुकल्यास टाळता येण्याजोगे अंधत्व येऊ शकते. श्रवणाची चाचणीही आवश्यक असते. मान धरणे, बसणे, चालणे इ. टप्पे दोन वर्षांपर्यंत अपेक्षित प्रसूतिदिनापासून मोजतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) विकासातील विलंबाचे लवकर निदान व उपचार यांसाठी जिल्हा पातळीवरील केंद्रांची तरतूद केलेली आहे.