खंडदेवांचे हरिस्मरण

काशीतील ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा या परिसरात महाराष्ट्रीय शास्त्रीघराण्यांची वस्ती जुनी आहे. काशीच्या महाराष्ट्रीय विद्येचे नाव निघाले की आपणांस गागाभट्ट आठवतात, तेही १६७४ च्या राज्याभिषेकापुरते. ‘भाट्टचिंतामणि’ लिहिणाऱ्या मीमांसक गागाभट्टांकडे सहसा कोणी वळत नाही. त्यांचे काशीतील समकालीन खंडदेव (मृत्यू १६६५) तर मीमांसकांच्या वर्तुळाबाहेर जवळजवळ अपरिचितच. वस्तुतः मध्ययुगीन विचारातील तर्क आणि श्रद्धा यांचा संबंध जाणू इच्छिणाऱ्याने त्यांच्या ‘भाट्टदीपिके’तील देवताधिकरणापाशी थांबावयास हवे.

प्रश्न असा: यज्ञाचे फळ प्रसन्न झालेली देवता देते, की कर्मच देते? जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य करताना शबरस्वामींनी उत्तर दिले, की कर्मच, ‘अपूर्वा’च्या द्वारे. देवतेला शरीर नाही. ती हवी भक्षण करीत नाही, प्रसन्नही होत नाही. खंडदेव हा सिद्धांत नव्यन्यायाच्या काटेकोर परिभाषेत मांडतात आणि प्रकरण संपविताना म्हणतात, की जैमिनीच्या मताचा निष्कर्ष हा. परंतु असे बोलतानाही आपली वाणी दूषित होते, तेव्हा हरिस्मरण हेच शरण.

याला भीरुता म्हणणे सोपे आहे. पण भित्रा माणूस युक्तिवाद मऊ करतो. खंडदेवांनी एक पदही मागे घेतलेले नाही.

पॅरिसमध्ये १२७७ साली बिशप तांपिए यांनी २१९ विधाने निषिद्ध ठरविली, तेव्हा आरोप साधारण असाच होता: तत्त्वज्ञानाचे सत्य एक आणि धर्माचे दुसरे, असे हे अध्यापक मानतात. साम्य दिसते खरे. संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत ही अधिकरणाची घडणही थॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा’तील प्रश्नांच्या घडणीशी बरीच जुळते. मात्र अक्वायनसच्या (मृत्यू १२७४) मते ईश्वराचे अस्तित्व बुद्धीने सिद्ध करता येते. श्रुतीची गरज लागते ती त्याच्या त्रैक्यासाठी. मीमांसेत श्रुतीचे प्रामाण्य राखण्यासाठी उभा राहिलेला तर्कच देवतेला बाजूस सारतो. म्हणजे खंडदेवांच्या मनात झगडतात त्या दोन श्रद्धा, वेदाच्या शब्दावरची आणि हरीवरची. तर्क पहिलीच्या पदरी आहे. ‘श्रद्धा की बुद्धी’ ही आपल्या समीक्षेने इंग्रजीतून उचललेली जोडी येथे लंगडी पडते.

खंडदेवांपाशी मीमांसा शिकलेल्यांत पेरुभट्ट होते. त्यांचा मुलगा म्हणजे ‘गंगालहरी’त गंगेला आई म्हणून हाक मारणारा जगन्नाथ पंडित.