चाचणीनौका : समुद्रावरील प्रयोगशाळेचे स्वरूप व महत्त्व

प्रस्तावना

४ मे १९८२ रोजी फॉकलंड बेटांच्या युद्धात ब्रिटनच्या 'शेफील्ड' या विनाशिकेवर अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेले एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले. त्यात २० नौसैनिक मृत्युमुखी पडले आणि काही दिवसांतच जहाजाला जलसमाधी मिळाली. पुढे झालेल्या अधिकृत चौकशीत जी कारणे नोंदविली गेली, त्यांपैकी एक विशेष विचार करण्याजोगे आहे. शत्रूच्या रडारची चाहूल देणारी यंत्रणा त्या क्षणी निरुपयोगी झाली होती. कारण त्याच वेळी जहाजावरून उपग्रहामार्फत संदेशवहन चालू होते. एका यंत्रणेच्या प्रक्षेपणामुळे दुसरी आंधळी झाली होती.

युद्धनौकेवरील प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे तपासून भागत नाही, ही सर्व यंत्रे एकाच लहानशा जागेत, एकाच वेळी व खुल्या समुद्रावर कशी वागतात हे पाहावे लागते, हा या घटनेचा बोध होय. या कामासाठी काही नौदलांनी स्वतंत्र चाचणीनौका बाळगल्या आहेत. अशा नौकांची गरज, त्यांची कार्यपद्धती आणि त्यांच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिका व जपान येथील दोन नौकांच्या आधारे केला आहे.

समुद्रावरच चाचणी कशासाठी?

जमिनीवरील प्रयोगशाळेत रडार स्थिर पायावर उभे असते. जहाज मात्र सतत हेलकावत असते. त्यामुळे लक्ष्याची दिशा व उंची मोजताना जहाजाची स्वतःची हालचाल क्षणोक्षणी वजा करावी लागते. रडारच्या लहरी लाटांवरूनही परावर्तित होतात आणि पाण्यालगत उडणारे क्षेपणास्त्र या गोंधळात सहज लपते. समुद्रपृष्ठावरील बाष्पाच्या थरामुळे लहरींचा मार्ग वाकतो. खाऱ्या हवेने धातू गंजतो, तर इंजिनांच्या कंपनाने नाजूक उपकरणांवर परिणाम होतो. पाण्याखालील वेध घेणाऱ्या सोनारची अडचण वेगळी असते. निरनिराळ्या तापमानाच्या थरांतून जाताना ध्वनी वळतो आणि स्वतःच्या जहाजाचा आवाजही त्यात मिसळतो. यांपैकी काही गोष्टींची नक्कल जमिनीवर करता येते. सर्वांचा एकत्रित परिणाम मात्र समुद्रावरच कळतो.

मग चाचणीसाठी लढाऊ नौकाच का वापरू नये, असा प्रश्न उपस्थित होतो. प्रत्यक्षात तशी ती अनेकदा वापरली जाते. परंतु लढाऊ नौकेवर मोकळी जागा व अतिरिक्त वीज मर्यादित असते. अपुरे यंत्र बसविल्यास तिची लढण्याची क्षमता घटते. शिवाय तिचे वेळापत्रक संरक्षणाच्या गरजेनुसार ठरते, प्रयोगाच्या गरजेनुसार नव्हे.

'नॉर्टन साउंड' : एका नौकेची अडतीस वर्षे

अमेरिकेची 'नॉर्टन साउंड' ही नौका मुळात समुद्री विमानांची सेवानौका म्हणून जानेवारी १९४५ मध्ये नौदलात दाखल झाली. १९४८ मध्ये तिचे रूपांतर क्षेपणास्त्रांच्या चाचणीसाठी करण्यात आले. ११ मे १९५० रोजी प्रशांत महासागरात तिच्यावरून सोडलेले 'व्हायकिंग' रॉकेट सुमारे १७० किलोमीटर उंचीवर पोहोचले. १९५८ मध्ये दक्षिण अटलांटिकमधील 'आर्गस' मोहिमेत तिच्यावरून अण्वस्त्रे वाहणारी तीन रॉकेटे सोडून अतिउंचीवर स्फोट घडविण्यात आले. अशा नौकेवरील विज्ञान निरुपद्रवी असतेच असे नाही, याचेही भान या प्रसंगाने राहते.

तिच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण 'टायफन' यंत्रणेचे आहे. एकाच वेळी अनेक लक्ष्यांचा मागोवा घेणारी ही महत्त्वाकांक्षी यंत्रणा होती. परंतु तिचे रडार अतिशय जड, गुंतागुंतीचे, खर्चिक व विजेची प्रचंड मागणी करणारे होते. १९६३ मध्ये ही योजना रद्द झाली. तरीही ते रडार 'नॉर्टन साउंड'वर बसवून त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या आणि १९६६ मध्ये ते उतरविण्यात आले. जी यंत्रणा कोणत्याही लढाऊ नौकेवर जाणार नव्हती, तिच्यापासूनही शिकण्याचा हा प्रयत्न होता.

१९७४ मध्ये त्याच नौकेवर 'एजिस' यंत्रणेचे 'स्पाय-१' रडार बसविले गेले. लढाऊ नौकेवर या रडारचे चार फलक असतात. येथे एकच होता आणि चाचणीला तो पुरेसा होता. 'एजिस'युक्त पहिली क्रूझर 'टायकॉन्डेरोगा' जानेवारी १९८३ मध्ये सेवेत आली, म्हणजे या चाचण्यांनंतर सुमारे नऊ वर्षांनी. १९८१ मध्ये 'नॉर्टन साउंड'वर उभ्या नळ्यांतून क्षेपणास्त्रे सोडणारी यंत्रणा बसविण्यात आली. ती घेऊन 'बंकर हिल' ही क्रूझर सप्टेंबर १९८६ मध्ये दाखल झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'नॉर्टन साउंड' निवृत्त झाली.

'आसुका' : मुळातूनच चाचणीसाठी बांधलेली नौका

'नॉर्टन साउंड' रूपांतरित नौका होती. जपानची 'आसुका' मात्र आरंभापासूनच चाचणीसाठी बांधली गेली. मार्च १९९५ मध्ये सेवेत आलेल्या या नौकेचे प्रमाण विस्थापन ४,२५० टन असून लांबी १५१ मीटर आहे. सुमारे ७० खलाशांबरोबरच चाचणीसाठी येणाऱ्या सुमारे १०० तज्ज्ञांची सोय तिच्यावर आहे. पाहुण्यांची संख्या यजमानांपेक्षा अधिक असावी, यातच नौकेचा उद्देश स्पष्ट होतो.

जपानमध्ये विकसित झालेल्या 'एफसीएस-३' या रडार व अग्निनियंत्रण यंत्रणेच्या चाचण्या 'आसुका'वर झाल्या. ही यंत्रणा पुढे २००९ मध्ये 'ह्यूगा' या हेलिकॉप्टरवाहू विनाशिकेवर बसविली गेली. २०२५ च्या उन्हाळ्यात स्फोटक दारूऐवजी विद्युतचुंबकीय बलाने गोळा फेकणाऱ्या तोफेच्या, म्हणजे रेलगनच्या, चाचण्याही याच नौकेवरून घेण्यात आल्या. त्यासाठी नौकेच्या मागील भागातील हेलिकॉप्टरच्या डेकची मोकळी जागा उपयोगी पडली.

मर्यादा

चाचणीनौका खर्चिक असते आणि युद्धकाळात तिचा प्रत्यक्ष उपयोग अल्प असतो. तिच्यावर यशस्वी ठरलेले यंत्र वेगळ्या रचनेच्या जहाजावर तसेच वागेल, याची पूर्ण शाश्वती नसते. कारण शेजारची उपकरणे बदलली की परस्परांवरील परिणामही बदलतात. म्हणून प्रत्येक नव्या लढाऊ नौकेची स्वतंत्र चाचणी टळत नाही. तसेच चाचणीतील लक्ष्य कधी व कोठून येणार, हे बहुधा ठाऊक असते. शत्रू अशी पूर्वसूचना देत नाही.

समारोप

चाचणीनौकेचे मूल्य तिने बुडविलेल्या शत्रुनौकांवरून ठरत नाही. लढाऊ नौकेवर जे अपयश मनुष्यहानीचे कारण ठरले असते, ते तिच्यावर आधीच घडते, नोंदले जाते आणि पुढील रचनेत दुरुस्त होते. 'टायफन' व 'एजिस' या दोन्हींना एकाच नौकेने जागा दिली, ही बाब त्या दृष्टीने महत्त्वाची आहे. संशोधनासाठी स्वतंत्र जागा, वेळ व चुकण्याची मुभा राखून ठेवणे हा अपव्यय नव्हे. 'शेफील्ड'वरील २० नौसैनिकांचे स्मरण ठेवले, तर ही मुभा नाकारण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे सहज ध्यानी येते.