पाठदुखी, उदरजन्य
उदरातील अंतस्त्यांच्या विकारामुळे पाठीत जाणवणारी वेदना. अंतस्त्ये व पाठ यांच्या संवेदी तंत्रिका मेरुरज्जूच्या एकाच खंडात पोहोचत असल्याने मेंदूला वेदनेचे मूळ स्थान नेमके ओळखता येत नाही. अग्निपिंड मणक्यांच्या लगत पुढे असतो. म्हणून त्याच्या शोथात (दाहयुक्त सुजेत) वरच्या पोटातील कळ पाठीत आरपार जाते आणि पुढे वाकून बसल्यास काहीशी कमी होते. उलट, छातीच्या मणक्यांजवळील तंत्रिकामूळ दाबले गेल्यास पोट दुखते आणि तपासण्याही पोटाच्याच होत राहतात. उतारवयात, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यास, पाठीत एकाएकी तीव्र वेदना होऊन घेरी आल्यास उदरातील महारोहिणीचा फुगवटा फुटल्याची शंका घ्यावी. अशी वेदना कित्येकदा मूतखड्याची समजली जाते व तेवढा विलंबही प्राणघातक ठरतो.