रायफलीचा गंज आणि खाऱ्या हवेचे रसायन

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेव्हा महाराष्ट्रात नेमबाजीची पुष्कळ चर्चा झाली. मात्र ज्या यंत्राच्या जोरावर हा खेळ चालतो त्याची निगा कशी राखावी, आणि विशेषतः धाकटी डहाणूसारख्या, तिन्ही ऋतूंत खारा वारा अंगावर घेणाऱ्या मासेमारांच्या गावात ती कशी राखावी, याविषयी फारसे कोणी बोलले नाही. पहिलीच रायफल घेतलेल्या माणसाला सर्वाधिक धास्ती असते ती गंजाची, आणि त्यावर त्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘प्रत्येक सरावानंतर नळी घासून काढा आणि तेलाने भिजवून ठेवा’. हा सल्ला शंभर वर्षांपूर्वीच्या काडतुसांसाठी घडला होता; त्यातला तेलाचा भाग तर त्या काळीही चुकीचाच होता.

काडतुसाच्या बुडाशी एक स्फोटक मिश्रण असते, ज्याला प्रायमर म्हणतात; चाप ओढताच सुटलेल्या सुईचा आघात त्यावर बसतो, ते पेटते आणि मुख्य दारूला आग लावते. आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा बंदुकीसाठी उपयोग करण्याची कल्पना अलेक्झांडर फोरसाइथ या स्कॉटिश पाद्र्याची असून त्याने १८०७ साली तिचे पेटंट घेतले, आणि त्यामागची प्रेरणा अगदीच साधी होती: चकमकीच्या बंदुकीची ठिणगी दिसताच पाखरे बार निघण्यापूर्वीच उडून जात. पुढे प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेटचा वापर रूढ झाला. हे संयुग जळताना आपल्यातील ऑक्सिजन देऊन टाकते आणि मागे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे स्वयंपाकघरातील मिठाचे सख्खे भावंड, नळीच्या पोलादावर बारीक थराच्या रूपाने उरते.

काळ्या दारूच्या जमान्यात हे मीठ कोणाच्या लक्षात आले नाही, कारण काळी दारू इतकी काजळी मागे सोडत असे की नळी पाण्याने धुण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि त्या पाण्याबरोबर मीठही निघून जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूररहित दारू आली, नळी बार काढल्यानंतरही चकचकीत दिसू लागली, साहजिकच पाणी मागे पडून तेलाची चिंधी पुढे आली, आणि नेमक्या त्याच वेळी नळ्या पूर्वीपेक्षा अधिक गंजू लागल्या. दोष नव्या दारूवर ढकलण्यात आला. तिच्या अवशेषातून आम्ल सुटते असे काहींनी सांगितले, तर पोलादाच्या छिद्रांत शिरलेले वायू काही दिवसांनी ‘घामासारखे’ बाहेर येतात असे इतरांनी ठामपणे मांडले, आणि त्या घामाच्या भीतीने सैनिक लागोपाठ तीन-तीन दिवस नळ्या पुसत राहिले.

हे गूढ उकलणारे विल्बर्ट हफ यांचे नाव बंदुकांच्या इतिहासात तळटीपेपलीकडे क्वचितच जाते, हा मोठा अन्याय आहे. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्स या सरकारी संस्थेत काम करणाऱ्या या रसायनशास्त्रज्ञाने १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दाखवून दिले की धूररहित दारू निर्दोष असून खरा गुन्हेगार प्रायमरमधून उरलेले पोटॅशियम क्लोराइड आहे, आणि तेच नळीवर तेलाच्या थराखाली बसून आपले काम करत राहते. तेलात मीठ विरघळत नाही. तेल मिठाच्या कणांवर नुसते पसरते आणि हवेतील बाष्पाला कायमचे अडवूही शकत नाही. हफ यांचा दुसरा निष्कर्ष त्याहून मार्मिक होता, तो असा की कोरड्या हवेत ठेवलेली, अजिबात न पुसलेली नळीसुद्धा गंजत नाही.

याचे कारण असे की प्रत्येक क्षाराला हवेतील बाष्प ओढून स्वतः त्यात विरघळण्यासाठी एक किमान सापेक्ष आर्द्रता लागते. पोटॅशियम क्लोराइडसाठी ती सुमारे ८५ टक्के, साध्या मिठासाठी सुमारे ७५ टक्के, तर समुद्राच्या पाण्यात मिठासोबत असणाऱ्या मॅग्नेशियम क्लोराइडसाठी अवघी ३३ टक्के असते. या एका आकड्यातच किनाऱ्यावरील साऱ्या लोखंडाचे दुर्दैव सामावलेले आहे: लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्यावर सुकत येतात आणि पोलादावर बसतात, तेव्हा त्यांतील साधे मीठ पावसाळा संपल्यावर कोरडे होऊ शकते, पण मॅग्नेशियमचा अंश हिवाळ्यातही ओलसर राहतो. या अदृश्य ओलीत लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात, क्लोराइडचे आयन पोलादावरील संरक्षक थर भेदतात, आणि नळीत खड्डे पडू लागतात.

उपाय ब्रिटिश सैन्याला अनुभवाने सापडलेला होता. ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ली-एनफिल्ड रायफलीच्या नळीत खास नरसाळ्याने उकळते पाणी ओतण्याची शिस्त होती. १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून ‘केएफ’ शिक्क्याची जी जुनी ०.३०३ काडतुसे बाहेर पडली, त्यांच्यासाठीही हीच शिस्त योग्य होती. १०० मिलिलिटर पाण्यात २० अंश तापमानाला सुमारे ३४ ग्रॅम, तर उकळबिंदूपाशी सुमारे ५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळते. शिवाय उकळत्या पाण्याने नळी इतकी तापते की ती आपोआप कोरडी होते आणि मग तेलाचा हात फिरवायला मोकळी होते. खाऱ्या पाण्यातून आलेले यंत्र आधी गोड्या पाण्याने धुवावे आणि मगच त्याला तेल लावावे, हे डहाणूच्या किनाऱ्यावर होडीचे इंजिन सांभाळणाऱ्या मांगेला मच्छीमाराला हफ यांचा अहवाल न वाचताही ठाऊक असते.

१९२०च्या दशकात जर्मनीत क्लोरेटऐवजी लेड स्टिफ्नेट वापरणारे ‘सिनॉक्सिड’ प्रायमर तयार झाले आणि मीठ मागे सोडणारी काडतुसे हळूहळू मागे पडली. आज स्पर्धेसाठी वापरल्या जाणाऱ्या ०.२२ इंची काडतुसात क्लोरेट नसते, आणि त्याच्या शिशाच्या गोळीवरील मेणासारखे वंगण नळीत पातळ थर सोडते, जो काही प्रमाणात संरक्षकच ठरतो. त्यामुळे अशी नळी रोज खसाखसा घासणारा मालक गंजाहून अधिक नुकसान स्वतःच करून बसतो. सफाईचा गज शक्यतो मागून, म्हणजे काडतूस जिथे बसते त्या बाजूने, घालावा लागतो, कारण नळीच्या तोंडाची कड ही गोळीला शेवटचा स्पर्श करणारी जागा असून ती एका बाजूने झिजली तर मागचा वायू असमान सुटतो आणि नेम बिघडतो. बाहेर आलेल्या चिंधीचा रंग पाहावा: करडा-काळा असेल तर ते शिसे आणि काजळी आहे व काळजीचे कारण नाही, तांबूस-तपकिरी असेल तर गंज लागला आहे. बार काढण्यापूर्वी नळीतील तेल कोरड्या चिंधीने टिपून घेणेही आवश्यक आहे, कारण तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी बहुधा भलतीकडेच लागते.

तात्पर्य, किनाऱ्यावरील रायफलीचे मीठ आता काडतुसातून येत नाही, ते वाऱ्यातून आणि हाताच्या घामातून येते, आणि म्हणून लक्ष नळीच्या आतपेक्षा बाहेर द्यायला हवे. पोलादावरील निळसर-काळा लेप हा स्वतःच लोखंडाचा ऑक्साइड आहे, म्हणजे एका अर्थी आवरलेला गंजच. तो सच्छिद्र असल्याने तेलाच्या पातळ थराविना त्याचा फारसा उपयोग नाही. हाताळणीनंतर कोरड्या फडक्याने आणि मग तेलाचा एखादाच थेंब घेतलेल्या फडक्याने पुसणे पुरेसे असते. सर्वांत घातक सवय म्हणजे फोमचे अस्तर असलेल्या देखण्या पेटीत रायफल महिनोन्महिने बंद ठेवणे, कारण ते अस्तर बाष्प धरून ठेवते. पेटी प्रवासापुरती ठीक, घरी मात्र कुलूपबंद कपाट आणि त्यात वेळोवेळी तापवून सुकवलेली सिलिका जेल हवी. लाकडी दस्ता असेल तर तो पावसाळ्यात फुगून नळीवर दाब देतो आणि जूनमधला नेम डिसेंबरमध्ये जुळत नाही, याचा दोष नेमबाजाच्या डोळ्यांना देण्याचे कारण नाही.

एअर रायफलीचे दुखणे निराळे आहे. स्प्रिंगच्या एअर रायफलीत दट्ट्यासमोर साधे खनिज तेल सोडले, तर हवा एकाएकी दाबली जाऊन इतकी तापते की तेलाची वाफ पेटते. होडीचे डिझेल इंजिन ठिणगीविना चालते ते याच तत्त्वावर, पण इंजिन त्यासाठी घडवलेले असते आणि रायफलीचे वॉशर नसतात. १० मीटर स्पर्धेच्या रायफली नळकांड्यात सुमारे २०० बार दाबाने भरलेल्या हवेवर चालतात, आणि दमट हवा भरली गेल्यास पाणी आतच साचते. त्या नळकांड्यावर छापलेली मुदत, जी पुष्कळदा १० वर्षांची असते, उलटल्यावर ते वापरू नये.

कायद्याने ४.५ मिलिमीटरपर्यंत नळीव्यास आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, ०.२२ रायफलीला मात्र लागतो. पुसायला घेण्याआधी बोल्ट उघडून काडतुसाची जागा डोळ्यांनी आणि शक्य तर बोटाने तपासणे, काडतुसे त्या खोलीतच न ठेवणे आणि ती वेगळ्या कुलपात असणे, यांत कोणतीही सूट नाही. ०.२२ रायफलीचा रिकामा चाप ओढण्याचा छंदही टाळावा, कारण काडतूस नसताना सुई थेट नळीच्या मागच्या कडेवर आदळून तिथे खोच पाडू शकते. धाकटी डहाणूसारख्या गावातील मालकाने पहिल्या सरीपूर्वी जाणकार आर्मररकडून दस्ता उतरवून घ्यावा आणि लाकडाखाली झाकलेली पोलादाची बाजू पाहावी, कारण गंज पहिल्यांदा तिथेच धरतो आणि बाहेरून पुसणाऱ्याला तो दिसत नाही.