शेतकऱ्याचे मत आणि यंत्र

बदलत्या हवामानाविषयी शेतकऱ्यांना काय वाटते, हे कसे जोखावे? २००४ साली सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरमधील लक्षावधी प्रश्नांच्या नोंदी आता यंत्राकडून वाचून घेता येतात. माणसांनी काही नोंदींवर ‘हवामान’, ‘कीड’, ‘बाजारभाव’ अशा खुणा करावयाच्या. त्यांवरून यंत्र उरलेल्यांची वर्गवारी शिकते. कोणत्या जिल्ह्यात पावसाची विचारणा केव्हा वाढली, हे मग दिसू लागते. पण ‘पाऊस कधी येईल?’ ही नुसती चौकशी, की दुबार पेरणीची धास्ती? नोंद लिहिणाऱ्याने आवाजातला कंप टिपलेलाच नसतो. यंत्राला तो कोठून कळावा? आणि नवऱ्याच्या नावावरील शेत कसणारी, हाती फोन नसलेली बाई तर या मोजदादीत येतच नाही.