रेकमेंडेशन लेटरसाठी थेट नरकात!

रेकमेंडेशन लेटरसाठी तुम्ही कुठवर जाल? एचओडींच्या केबिनबाहेर दोन तास ताटकळाल, दहा मेल टाकाल. ॲलिस लॉ मात्र थेट नरकात जाते! केंब्रिजमध्ये जादूवर पीएचडी करणाऱ्या या मुलीचा गाइड मरतो. त्याच्या शिफारशीशिवाय करिअर नाही, म्हणून ती त्याला परत आणायला निघते. सोबत तिचा स्पर्धक पीटर. तिकीट? उरलेलं निम्मं आयुष्य.

ऑगस्ट २०२५मध्ये आलेली ही ‘कटाबेसिस’ म्हणजे आर. एफ. क्वांगची कादंबरी. पाताळात उतरणं, असा या ग्रीक शब्दाचा अर्थ. क्वांग १९९६ची, जन्म चीनचा, वाढली अमेरिकेत. एकोणिसाव्या वर्षी लिहायला घेतलेली तिची ‘द पॉपी वॉर’ २०१८मध्ये आली. मधल्या काळात केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि मग पीएचडीसाठी येल. थोडक्यात, हा नरक तिने आतून बघितलाय!

क्वांगचं वाचन काय, हे तिच्या कादंबऱ्याच सांगतात. कारण ती आधीच्या पुस्तकांशी भांडत लिहिते. ‘कटाबेसिस’मागे दान्तेचा नरक आहे. २०२२ची ‘बेबल’ तर दोन गाजलेल्या कादंबऱ्यांना दिलेलं उत्तरच आहे. एक डोना टार्टची ‘द सीक्रेट हिस्ट्री’ (१९९२), दुसरी सुझाना क्लार्कची ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ (२००४). एकीत ग्रीक शिकणारी कॉलेजची पोरं, दुसरीत एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधले जादूगार. क्वांग दोघींना एकच प्रश्न विचारते: या सुंदर कॅम्पसचं बिल कोण भरतंय?

‘बेबल’मधलं १८३०च्या दशकातलं ऑक्सफर्ड भाषांतरावर चालतं. चांदीच्या पट्टीवर दोन भाषांतले जवळच्या अर्थाचे शब्द कोरायचे. भाषांतरात जे निसटतं, त्यातून जादू घडते. तुम्हीही करून बघा. ‘उष्टं’ आणि ‘लेफ्टओव्हर’. इंग्रजी शब्दात उरलेलं अन्न आलं. पण कुणाचं तरी तोंड लागलंय, हे आलं का? एकाच ताटातली माया आणि उष्टं खायला लावण्यातला अपमान, दोन्ही सुटले. क्वांगची जादू या सुटलेल्यातच आहे.

म्हणून बेबलला परक्या भाषांची मुलं लागतात. कँटनचा रॉबिन, कलकत्त्याचा रामी. रॉबिनला स्कॉलरशिप मिळते, खोली मिळते, मित्र मिळतात. पण त्याचं मूळ चिनी नाव पुस्तकात कुठेच येत नाही. आणि त्याच्याच भाषेच्या जोरावर इंग्लंड त्याच्याच देशावर अफूसाठी युद्ध लादायच्या तयारीत असतं. मराठी मीडियममधून येऊन इंग्रजीत प्रेझेंटेशन देणाऱ्या प्रत्येकाला रॉबिनची कुतरओढ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

कादंबरीतली जादू काल्पनिक असली तरी अफू खरी होती, आणि तिचा एक रस्ता आपल्या मुंबईतून जायचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जात असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी अफूसकट चीनच्या व्यापारात मोठी कमाई केली. जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट त्यांच्याच देणग्यांतून उभी राहिली. ‘कॅम्पसचं बिल कोण भरतंय’ हा प्रश्न फक्त ऑक्सफर्डपुरता नाही, तो असा.

तेव्हा क्वांग वाचायची तर जोडीने वाचा. आधी ‘द सीक्रेट हिस्ट्री’, मग ‘बेबल’. टार्टच्या कॅम्पसच्या प्रेमात पडलात, तरच क्वांग कशावर चिडलीय ते कळेल. ‘बेबल’ पाचशेहून जास्त पानांची आहे आणि तळटीपाही भरपूर आहेत. त्या मात्र गाळू नका, खरी भांडणं तिथेच चाललीत. सबमिशनच्या आठवड्यात ‘कटाबेसिस’ घ्या. तुमचे गाइड एकदम देवमाणूस वाटायला लागतील!