बिल पडलं, पण घरात कळलं नाही

या पानावर एरवी खोडव्याची निगा, बेणे आणि खताच्या मात्रा यांची चर्चा असते. आज जरा आडवाटेचा विषय घेतला आहे. वणी परिसरात हा विषय पारावर दबक्या आवाजात निघतो आणि घरात मुळीच निघत नाही. तो म्हणजे घरधन्याचा चोरून चाललेला जुगार.

ऊस हे सबुरीचं पीक. आडसाली लागण केली तर तोड येईस्तोवर दीड वर्ष जातं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. पण हातात पडतात ते सोसायटीची वजावट होऊन. वजावट नेमकी किती झाली, हे घरातल्या बाईला कोण सांगतो? पळवाट इथंच आहे. "सोसायटीनं कापून घेतलं," एवढं म्हटलं की पंचवीस हजारांचा हिशेब मिटतो. पुढच्या खेपेला टोमॅटोच्या व्यापाऱ्यानं पैसे थकवलेले असतात, त्यानंतर पाहुण्याला उसने दिलेले असतात. बाईला संशय येतो, पण तो बहुधा भलताच. सवत मोबाईलमध्येच बसलेली आहे, हे कळेपर्यंत गळ्यातली पोत गहाण पडलेली असते.

पूर्वी ही सवत चिठ्ठीवर यायची. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेने मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. म्हणजे आमच्यासारख्याच शेतकऱ्याच्या मालावर! ते भाव येणं बंद झाल्यावर कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळी मटका सुरू केला आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपला वेगळा. रात्री ओपन, मध्यरात्री क्लोज. दीड वर्ष वाट पाहणाऱ्या माणसाला तीन तासांत निकाल! त्याची भूल पडली यात आम्हाला नवल वाटत नाही. फक्त तेव्हा आकडा लावायला टपरीपर्यंत जावं लागे आणि चार माणसं बघत. मोबाईलवरच्या रमीनं तेवढीही लाज ठेवली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो बरा केला. पण कायदा दुकान बंद करतो, खोड नाही.

ही खोड किती जुनी म्हणाल? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त एका जुगाऱ्याचंच आहे. आपली बायको कधी भांडली नाही, मित्रांनाही तिनं आपुलकीनं वागवलं, आणि फाशांपायी आपणच तिला दूर लोटलं, असं तो कबूल करतो. सासू तोंड पाहत नाही. कर्ज झाल्यानं रात्री लपतछपत दुसऱ्याच्या घरी जातो. उद्यापासून खेळणार नाही म्हणतो आणि फासे खुळखुळले की पाय तिकडेच वळतात. शेवटी त्याला सांगणं मिळतं ते असं की, खेळ सोड, शेत कस. तुझ्या गायी तिथं आहेत, तुझी बायको तिथं आहे.

आपल्याकडे उपाय ठरलेला. नवऱ्याला सप्तशृंगी गडावर न्यायचं आणि आईच्या पायाशी शपथ घालायची. शपथ घेताना तो गडी खोटं बोलत नाही, असं आमचं मत आहे. पण दोन महिन्यांनी ती मोडते, आणि आता लपवायला शपथही असते! मागे पैसे बुडाले होते, आता शब्दही बुडाला. बाईला हे दुसरं जास्त लागतं. वैद्यकशास्त्रानं जुगाराच्या व्यसनाला १९८० पासून विकारांच्या यादीत घेतलं आहे. मग शपथेबरोबर डॉक्टरही हवा. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून आहे. तिथं बायकोनं फोन केला तरी चालतो.

नवरा कबूल का होत नाही? वसुलीवाल्याच्या धाकानं. त्यासाठी कायद्यातल्या दोन गोष्टी सांगून ठेवतो. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमानुसार पैजेत हरलेले पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. आणि बेकायदा सावकारानं जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली ती परत मिळवायला सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. घरात उघड केलं तरच हा अर्ज होणार. झाकून ठेवलं तर वर्षं तशीच जातात.

जमिनीवरून आठवलं. आपल्या शेजारच्या चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. त्या चळवळीतून पुढे 'लक्ष्मीमुक्ती' निघाली, म्हणजे नवऱ्यानं आपखुषीनं बायकोच्या नावे जमीन करायची. १९९२ साली सरकारनंही सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावायची सोय केली. तेव्हा काही गडी हसले होते. पण जिथं दोघांची नावं आहेत, तिथं एकट्याच्या सहीवर सगळी जमीन जात नाही.

आमच्या भगिनींना एवढंच सुचवतो : यंदाच्या बिलाची पट्टी आली की मागून घ्या. वजनाची नोंद, वजावटीचा रकाना आणि खाली राहिलेली रक्कम पासबुकाशी ताडून बघा. आकडे जुळत नसतील तर भांडण काढू नका, नवऱ्याला शेजारी बसवा आणि पट्टी त्यालाच वाचायला सांगा.